टोकियोची जुनी घरं बसून पाहा: ततेमोनोएनला जाण्याआधी वाचायचं काही

टोकियोत आमच्याकडे पाहुणे आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो. शिबुयाचा चौक झालेला असतो, स्कायट्री झालेला असतो, आसाकुसाच्या देवळातला धूर डोक्यावरून घेऊन झालेला असतो. मग रात्री जेवताना कुणीतरी म्हणतं, "हे सगळं छानच आहे रे, पण जुनं टोकियो कुठंय?"

खरं सांगायचं तर ते जळालं. एकदा १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगींत आणि दुसऱ्यांदा १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात. त्यातून तगलेलं बरंचसं पुढे जागेच्या भावापुढे टिकलं नाही. पण वाचलेल्यांपैकी तीसेक इमारती सुट्या करून शहराच्या पश्चिमेला, कोगानेई पार्कात नेऊन पुन्हा उभ्या केल्यात. त्या जागेचं नाव एदो-टोकियो ततेमोनोएन. एदो हे टोकियोचं जुनं नाव, ततेमोनो म्हणजे इमारत आणि एन म्हणजे बाग. १९९३ साली हे खुलं संग्रहालय सुरू झालं, पसारा साधारण ७ हेक्टर.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दोन तासांत तीसही घरांत डोकावलो आणि घरी आल्यावर एकही नीट आठवेना. आता मी पाहुण्यांना एकच अट घालतो: घरं पाच-सहाच पाहायची, पण प्रत्येकात बसायचं. खुर्ची-सोफ्याच्या घरांना हे लागू नाही. पण चटईवर राहणाऱ्या माणसांनी बांधलेलं घर उभ्यानं पाहिलं तर चुकीच्या उंचीवरून पाहिल्यासारखं होतं. खिडकी, बागेकडची दारं, भिंतीतला कोनाडा, सगळं मांडी घातलेल्या माणसाच्या नजरेसाठी असतं.

दिवस कुठला निवडायचा

सोमवारी बंद. सोमवारी सरकारी सुट्टी असेल तर उघडं असतं आणि मंगळवारी बंद. नववर्षाच्या आसपासही बंद असतं. एप्रिल ते सप्टेंबर सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, ऑक्टोबर ते मार्च साडेचारपर्यंतच. बंद व्हायच्या अर्धा तास आधी प्रवेश थांबतो. मोठ्यांचं तिकीट ४०० येन, ६५ वर्षांवरच्यांना २००. आईवडिलांना नेताय तर पासपोर्ट जवळ ठेवा, वय त्यावरूनच दाखवायचं.

मार्चच्या शेवटी चेरी फुलते तेव्हा कोगानेई पार्क माणसांनी ओसंडतं. फुलं आणि घरं एकाच दिवशी उरकू असा विचार करू नका, दोन्ही अर्धवट राहतात. जुलै-ऑगस्टात घरांत वातानुकूलन नाही, झाडी दाट आणि डास मुबलक. माझी आवड विचाराल तर डिसेंबर किंवा जानेवारीतला कोरडा, उन्हाचा दिवस. तेव्हा सूर्य खाली असतो. उन्हाळ्यात ऊन बाहेर अडवणाऱ्या त्याच पुढे आलेल्या छपरांखालून ते थेट आतल्या चटयांपर्यंत येतं. थंडी वाजते हे खरं, आणि विशेषतः तळपायांना वाजते.

पावसाचाही दिवस वाईट नाही. गवती छपरावरच्या पावसाचा आवाज जवळजवळ येतच नाही, फक्त कडेनं थेंब गळताना दिसतात.

पोचायचं कसं, आणि दोन सापळे

शिंजुकूहून जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, चुओ लाइन, स्टेशन मुसाशी-कोगानेई, साधारण अर्धा तास. निशी-कासाईला राहणाऱ्या आपल्या मंडळींना तोझाई लाइननं नाकानोपर्यंत येऊन तिथे चुओ लाइन पकडता येते. दारापासून दारापर्यंत सव्वा ते दीड तास धरा.

पहिला सापळा: चुओ लाइनवर साधी जलद गाडी असते आणि तिच्याहून वेगवान विशेष जलद. विशेष जलद मुसाशी-कोगानेईला थांबत नाही. मी आत्या आणि काकांना घेऊन मोठ्या ऐटीत तीच पकडली होती. स्टेशन डोळ्यांदेखत मागे गेलं. कोकुबुन्जीला उतरलो आणि एक स्टेशन उलटे आलो. आत्या म्हणाली, "इतकी वर्षं इथे राहतोस ना?" तर फक्त 'जलद' लिहिलेली गाडी घ्या.

दुसरा सापळा नवा आहे. या गाड्यांना आता चार आणि पाच नंबरचे दुमजली डबे असतात. ते ग्रीन कार, म्हणजे वरचा वर्ग, त्याला वेगळं तिकीट लागतं. मुलं दुमजली डबा पाहून धावत चढतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

स्टेशनच्या उत्तरेच्या बाजूनं बाहेर पडलात की सेइबू कंपनीच्या बसचे थांबे दिसतील. 'कोगानेई कोएन निशिगुची' म्हणजे पार्काचं पश्चिम दार, तिथे उतरायचं. बसमध्ये पाचेक मिनिटं आणि पुढे पार्कातून तेवढंच चालणं. सुइका किंवा पासमो हे प्रवासाचं कार्ड चालतं. थांब्याचं नाव फोनवर जपानी लिपीत उघडून ठेवलंत तर चालकाला नुसतं दाखवूनही काम भागतं.

बरोबर काय घ्यायचं

मोजे. बाकी सगळं विसरलं तरी चालेल. दर घरात बूट काढायचे, घालायचे, पुन्हा काढायचे, दिवसभरात दहा-बारा वेळा. म्हणून नाडीचे बूट नकोत, झटकन पाय घालता येईल असं काहीतरी हवं. काढलेले बूट दाराकडे तोंड करून ठेवायचे. मोजे जाड आणि मुख्य म्हणजे धड असावेत, कारण अंगठा बाहेर आला तर सगळ्या जगाला दिसतो. साडी किंवा लांब ड्रेस नेसणाऱ्यांनी उंच जोती आणि अरुंद जिने आहेत हे लक्षात ठेवावं.

ट्रायपॉड घरी ठेवा. बाबागाडी रस्त्यांवर चालते, घरांत जात नाही. गुडघेदुखीवाल्यांनी घाबरायचं कारण नाही, त्यांच्यासाठी युक्ती पुढे येतेय.

शाकाहाऱ्यांनी डबा न्यावा. संग्रहालयात पूर्वेकडे एक कोठार आहे. तिथे मुसाशिनो भागातले जाड, दातांना झुंजवणारे उदोन नूडल्स मिळतात, फार चविष्ट असतात म्हणे. पण उदोनच्या रश्श्यात जवळजवळ नेहमीच माशाचा अर्क असतो, नुसती भाजी घातलेली दिसली तरी. मासे खाणाऱ्यांनी जरूर खा. बाकीच्यांनी पार्काच्या हिरवळीवर आधी दशमी-चटणी उरकून मगच आत जा. तिथे चादरी पसरून जेवणं अगदी राजरोस चालतं.

आत शिरताना

तिकीट मिळतं तीच इमारत पहिली. १९४० साली जपानी साम्राज्याची २६०० वर्षं साजरी करताना राजवाड्यासमोर हा सोहळ्याचा मंडप उभारला होता आणि पुढच्या वर्षी तो इकडे आणला. त्यावर वेळ घालवू नका. नकाशा मात्र नक्की घ्या. त्यावरचा हिरवा सुरवंट एदोमारू ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी काढलाय, मुलांना तो आधी दाखवा म्हणजे ती नकाशा हरवत नाहीत.

इथून पुढे तीन विभाग: पश्चिमेला शेतकऱ्यांची घरं आणि शहरातल्या सुखवस्तू लोकांची घरं, मधे मोठ्या असामींच्या वास्तू, पूर्वेला दुकानांची गल्ली. बहुतेक लोक आधी पूर्वेला धावतात, कारण मियाझाकींच्या चित्रपटांमुळे ती गल्ली प्रसिद्ध आहे. तुम्ही आधी पश्चिमेला जा. सकाळी शेतघरं रिकामी असतात.

प्रत्येक घरापुढे पाटी असते. तिच्यावर दोन सालं शोधायची सवय लावून घ्या: घर कधी बांधलं, आणि कुठल्या काळचं रूप देऊन उभं केलंय. ही दोन सालं नेहमी एक नसतात. पूर्वेच्या गल्लीतला कागिया हा दारूचा गुत्ता १८५६ चा म्हणून सांगतात, पण आतली मांडणी १९७० च्या सुमाराची आहे. म्हणजे सांगाडा एदो काळातला (शोगुन या लष्करी राज्यकर्त्यांचा काळ, १६०३ ते १८६८) आणि बाकांवरची गिऱ्हाइकं ऑलिंपिक पाहिलेल्या टोकियोची. हे आधी कळलं नाही तर माणूस १८५६ साली विजेचा दिवा कसा म्हणून गोंधळतो.

घरं अशी उचलून आणता आली याचं कारण त्यांचे सांधे. जुन्या जपानी घराचा सांगाडा खाच-खोबणीत लाकूड बसवून उभा केलेला असतो. मापं घ्यायची, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक टाकायचा, उकलायचं, किडलेलं बदलायचं आणि त्याच क्रमानं पुन्हा जोडायचं. बदललेलं लाकूड बऱ्याचदा रंगावरून ओळखू येतं. मुलांना हा खेळ लावून दिला की अर्धा तास शांततेत जातो.

पहिली बैठक: चुलीपाशी

त्सुनाशिमा आणि योशिनो ही दोन शेतघरं. त्सुनाशिमांचं घर सेतागायातलं, एदो काळाच्या मध्यातलं. आज सेतागायात घर म्हटलं की बँकेचं कर्ज डोळ्यांपुढे येतं, पण तेव्हा तिथे शेती होती. आत शिरलं की आधी दोमा, म्हणजे चोपून घट्ट केलेली मातीची जमीन. चुली, पाणी, अवजारं, सगळं इथे, आणि इथे पादत्राणं चालतात. मग गुडघ्याएवढी उंच लाकडी जमीन सुरू होते. गुडघेदुखीवाल्यांची जागा ती कड. खाली मांडी घालायची गरज नाही, कडेवर पाय सोडून बसा. शेतावरून आलेला माणूसही तसाच बसत असणार.

लाकडी जमिनीत एक चौकोनी खड्डा, त्यात राख आणि मधे विस्तव. ही इरोरी. वरून टांगलेल्या आकडीला किटली. स्वयंसेवक ही चूल पेटवून बसतात आणि ती नुसती पाहुण्यांसाठीची शोभा नाही. गवतानं शाकारलेल्या छपरात ओल धरते, किडे होतात. धूर त्यांना हाकलतो आणि गवत कोरडं ठेवतो. धुराडं नसल्यामुळे धूर घरभर फिरून छपरातूनच झिरपत जातो.

इथे निदान पंधरा मिनिटं बसा. डोळे अंधाराला सरावायला पाच जातात. मग वर पाहा. तुळया, वासे, बांधायच्या दोऱ्या सगळं काळंभोर, आणि उजेडाची तिरीप पडते तिथे ते काळेपण तेल लावल्यासारखं चमकतं. आमच्या आत्यानं एवढंच विचारलं, "यांची बाई कुठल्या बाजूला बसायची?" स्वयंसेवक आजोबांना मी ते कसंबसं जपानीत विचारलं. त्यांनी चुलीची एक बाजू दाखवली, मग घरधन्याची, मग पाहुण्यांची. बाईची जागा भांड्यांच्या जवळची निघाली. "वाटलंच," आत्या म्हणाली. कपड्यांना दिवसभर धुराचा वास राहतो, नवा कोट घालून जाऊ नका.

योशिनोंच्या घराला एक जादा दार आहे, पायरी असलेलं, नीटस. ते घरच्यांसाठी नव्हतं. मानाचे पाहुणे आले तरच उघडायचं. तिथून आत न जाता बाजूच्या दोमातून जा आणि मग आतून त्या दाराकडे पाहा, म्हणजे घरातला मानपान कसा आखलेला होता ते पाटी न वाचता कळतं.

पश्चिमेची शहरी घरं

इथे आणखी दोनच. एक, कुनिओ माएकावा या वास्तुकारानं १९४२ साली स्वतःसाठी बांधलेलं घर. हा माणूस पॅरिसला ल कॉर्ब्युझिएकडे काम शिकलेला. युद्धामुळे सामान मिळेना आणि घराच्या क्षेत्रफळावरही सरकारी मर्यादा होती. त्यानं बाहेरून साधं उतरतं कौलारू घर केलं आणि आत मधोमध दुमजली उंचीचा दिवाणखाना. बाहेरून कोकणातल्या घरासारखं वाटतं आणि दार उघडलं की छाती रुंदावते. इथे मात्र खुर्चीच्या उंचीवरून पाहायचं. युद्धात त्याची गिंझातली कचेरी जळाल्यावर काही वर्षं कचेरीही याच खोलीत चालली.

दुसरं, जर्मन वास्तुकार द लालांद यांचं पाश्चात्त्य धर्तीचं घर, १९१० च्या सुमाराचं. आत कॅफे आहे, पाय दुखत असतील तर इथेच बसा. आपल्याला याचं अप्रूप वेगळ्या कारणानं. हे घर पुढे कॅल्पिस हे पेय बनवणाऱ्या काइउन मिशिमा यांच्याकडे आलं. कॅल्पिसमधला 'कॅल' कॅल्शियमचा आणि 'पिस' संस्कृतातल्या सर्पिस् चा. सर्पिस् म्हणजे तूप. मिशिमा बौद्ध मठातल्या घरात जन्मलेले. टोकियोतल्या कितीतरी पेयांच्या यंत्रांत तुपाचं नाव आहे, हे पाहुण्यांना सांगितलं की तुमचा भाव वाढतो.

मधला भाग: एका खुनाचं घर

कोरेकियो ताकाहाशी पंतप्रधान होते आणि अनेकदा अर्थमंत्री. रशियाशी झालेल्या युद्धासाठी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये कर्ज उभं करणारे ते हेच. १९३० च्या दशकात लष्कराचा खर्च आवरायला निघाले. २६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे बंडखोर सैनिक आकासाकातल्या त्यांच्या घरात घुसले आणि वरच्या मजल्यावर त्यांना मारलं. हे ते घर, १९०२ चं. त्यांच्या मृत्यूनंतर ते तामाच्या दफनभूमीत विश्रांतिगृह म्हणून हलवलं होतं, म्हणून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातून वाचलं.

लोक जिना चढतात, वरची खोली पाहतात, फोटो काढून उतरतात. तसं करू नका. आधी खालच्या मजल्यावर बागेकडच्या खोलीत बसा. दारांच्या काचा जुन्या आहेत, सपाट नाहीत. मान जराशी हलवली की बाहेरचं झाड पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. मग वर जा. वरच्या खोलीत काही खास नाही. चटया, सरकती दारं, उजेड. तेच अंगावर येतं.

जवळच १६५२ ची जिशोइन समाधी आहे. तिसऱ्या शोगुनच्या मुलीनं, चियोहिमेनं, आपल्या आईसाठी बांधलेली. रंगीत, नाजूक, बाहेरूनच पाहायची.

पूर्वेची गल्ली

इथे पोचेपर्यंत दुपार झालेली असेल, आणि तेच बरं. ही गल्ली उन्हं कलताना जास्त खुलते.

१९२३ च्या आगीनंतर छोट्या दुकानदारांनी लाकडी घरच पुन्हा बांधलं, पण रस्त्याकडच्या बाजूला तांब्याचा पत्रा, टाइल्स किंवा गिलावा चढवला. आग पसरू नये हा हेतू आणि थोडी हौसही. समोरून पाहिलं तर दिमाखदार फलक, बाजूनं पाहिलं तर मागे साधंच लाकडी घर. वास्तु-इतिहासकार तेरुनोबू फुजिमोरी यांनी याला कानबान केनचिकु, म्हणजे पाटीबाज बांधकाम, असं नाव दिलं. म्हणून इथे प्रत्येक दुकान समोरून झालं की बाजूनंही पाहा. उएमुरांच्या घराचा तांब्याचा पत्रा जवळ जाऊन बघा, त्यावर युद्धातल्या बॉम्बच्या तुकड्यांनी पडलेल्या खुणा तशाच ठेवल्यात. भांड्यांच्या मारुनी दुकानाच्या मागे वळलात तर एकाला एक लागून असलेल्या खोल्यांची बोळ लागते. मुंबई-पुण्याच्या माणसाला 'ही चाळच की' असं म्हणायला एक क्षणही लागत नाही.

ताकेई सानशोदो हे कागद-कुंचल्यांचं दुकान. भिंतभर छोटे खण, शेकडो. मियाझाकींच्या चाहत्यांची रांग इथेच. रांग असेल तर पुढे जाऊन परत या.

आणि शेवटी कोदाकारा-यु, १९२९ चं सार्वजनिक स्नानगृह, देवळासारखी कमान असलेलं. आता पाणी नाही, त्यामुळे एरवी अशक्य ते करता येतं: कपड्यांसकट, कॅमेऱ्यासकट आत जायचं, पुरुषांची बाजू पाहायची, मग बायकांची. दोन्हींच्या मधे उंच चौथरा. तिथे बसलेली व्यक्ती पैसे घ्यायची आणि तिला दोन्ही बाजू दिसायच्या. हे ऐकून आत्यानं पदर सावरला. रिकाम्या हौदाच्या काठावर बसा आणि भिंतीवरचा रंगवलेला फुजी पर्वत पाहा. तो नेमका त्या उंचीवरून पाहायसाठीच आहे.

बंद व्हायच्या वेळी स्वयंसेवक एकेका घराची दारं लावायला लागतात. तेव्हा कागियाच्या बाकावर असाल तर उठायची घाई करू नका, ते स्वतःच येऊन हसून सांगतात.

परत जाताना बसला गर्दी असेल तर स्टेशनपर्यंत चालत पंचवीसेक मिनिटं. वाटेत तामागावा जोसुई हा कालवा ओलांडावा लागतो. १६५३ साली एदो शहराला पाणी पोचवायला खणलेला. पुलावरून खाली वाकून पाहिलं तरी झाडीमुळे पाणी चटकन दिसत नाही, जरा थांबावं लागतं.